तलावातला गाळ, सिलिंडरातला गाळ

आमच्या गावचा पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. आबा तेव्हा विशीत होते. त्या भरावावर त्यांनी मातीच्या पाट्या वाहिल्यात, त्यामुळे तलावाचा विषय निघाला की घरात शेवटचा शब्द त्यांचाच. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तलाव पार आटला, तेव्हा गाळ न्यायची गावात झुंबड उडाली. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्य सरकारची योजना २०१७ पासूनची. गाळ फुकट, वाहून न्यायचा खर्च आमचा होता. आमचा माळाचा एकरभर तुकडा आहे, आष्टी तालुक्यातल्या बहुतेक माळांसारखाच: वर चार बोटं माती, खाली मुरूम. पाऊस उघडला की तिसऱ्या दिवशी पीक माना टाकतं. दादाने ठरवलं, यंदा तिथे गाळ घालायचाच.

मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. शेतीतलं मला फारसं विचारत नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकतं असं नाही. पण हिशेब मांडायला मलाच बसवलं. एकराला पाच सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटांचा थर द्यायचा तर गाळ लागतो सुमारे २०० घनमीटर. एका ब्रासचे १०० घनफूट धरले तर ७१ ब्रास. आमच्या ट्रॉलीत ब्रासभर मावतो. ७१ खेपा. डिझेल, जेसीबीचं तासावरचं भाडं, पसरणाऱ्यांची मजुरी. आकडा ऐकून दादा जरा गप्प झाला. मग मी विचारलं, “गाळ कुठला उचलायचा? ओढ्याच्या तोंडाकडचा की भरावाजवळचा?”

“गाळ तो गाळ,” दादा म्हणाला.

“तोंडाकडचा घ्या,” आबा म्हणाले. “काळाकुट्ट आहे. आणि रस्ता तिकडूनच आहे.”

एवढ्यावरून सगळं सुरू झालं. मला संशय होता तो पाचवीच्या भूगोलातला: वाहतं पाणी संथ झालं की जड आधी टाकतं, हलकं पुढे नेतं. ओढा तलावात शिरतो तिथे वाळू पडत असणार आणि बारीक चिकण पार भरावापर्यंत जाऊन बसत असणार. पण संशयावर ७१ खेपांचा निर्णय कसा घ्यायचा? मोजून बघू म्हटलं. माती मोजायला असा काय वेळ लागणार!

तीन ठिकाणची माती आणली: माळाची, तोंडाकडची, भरावाजवळची. प्रत्येक ठिकाणी आठ-दहा जागी खड्डे घेऊन माती एकत्र केली, गोणपाटावर पसरली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दिले, पुन्हा चार भाग, असं करत किलोभर उरवली. ही चौथाई करण्याची पद्धत माती परीक्षणाला नमुना देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

पहिला प्रयोग बाटलीचा. कॉफीच्या मोठ्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चमचाभर भांड्याची पावडर, झाकण लावून दहा मिनिटं हलवायचं आणि ओट्यावर ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात खाली बसते, पोयटा (वाळू आणि चिकण यांच्या मधले कण) एक-दोन तासांत, चिकण दिवस-दोन दिवस घेते. थर पट्टीने मोजायचे. सोपं आहे, आणि मी ते साफ चुकलो. भरावाजवळचा गाळ अर्ध्या तासात तळाला बसून वर पाणी काचेसारखं नितळ! म्हणजे चिकण जवळजवळ नाहीच? मी दादाला फोन करून सांगूनही टाकलं की भरावाचा गाळ काही कामाचा दिसत नाही.

रात्री चहाच्या पातेल्यातला पांढरा थर खरवडताना डोक्यात प्रकाश पडला. पाणी बोअरचं होतं. आमच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम इतकं, की वर्षभरात गीझरची कॉइल दगड होते. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. तो त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतो म्हणून ते पाण्यात तरंगत राहतात. कॅल्शियम मध्ये आलं की तो भार झाकला जातो, कण एकमेकांना चिकटतात, पुंजके होतात आणि पुंजके भराभर बुडतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की हेच होतं. चमचाभर भांड्याची पावडर त्या पाण्यापुढे कमी पडली होती. मी मातीचे कण मोजत नव्हतो, माझ्या बोअरच्या पाण्याचा जडपणा मोजत होतो.

तीच माती दुसऱ्या बाटलीत घेतली, कॉलेजातलं डिस्टिल्ड पाणी आणि कण मोकळे करणारं सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घालून. ती बाटली तिसऱ्या दिवशीही चॉकलेटी होती. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून वर्गात दाखवल्या. कलिल द्रावणाचा धडा इतका नीट मी त्याआधी कधी शिकवला नव्हता.

बाटलीचा आणखी एक दोष मागाहून कळला. आमच्याकडची चिकण ही फुगणारी. बेसॉल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीतलं मुख्य खनिज तेच, स्मेक्टाइट. ती पाण्यात बसली तरी फुगीर बसते. थराची जाडी पट्टीने मोजून टक्केवारी काढली तर चिकण आहे त्याहून जास्त दिसते. म्हणजे एका पाण्याने चूक कमी बाजूला, दुसऱ्याने जास्त बाजूला. अंदाजाला ठीक.

मधल्या काळात हातानेही बघून घेतलं. लिंबाएवढी माती ओली करून मळायची, कणकेसारखी झाली की अंगठा आणि तर्जनीमधून दाबत पट्टी काढायची आणि ती आपल्या वजनाने किती लांबीवर तुटते ते बघायचं. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर चिकण कमी, पाचच्या पुढे गेली तर भारी जमीन. माळाच्या मातीची पट्टी दोन सेंटिमीटरवर तुटली. तोंडाकडच्या गाळाची पट्टी धड झालीच नाही. भरावाजवळची सात सेंटिमीटर लोंबली आणि वर चकाकत होती. हे बघायला वहिनी आल्या. त्यांनी तोंडाकडचा गाळ बोटांत चुरला, थोडा कानाजवळ नेऊन चोळला आणि म्हणाल्या, “ही करकरते. ह्याची चूल केली तर तडकल.” आबा ऐकेनात. “काळी आहे ना? मग भारीच.” काळा रंग आणि भारीपणा आपल्याकडे इतके जोडीने येतात की त्यांना दोष कसा देणार? पण बेसॉल्टची वाळूही काळीच असते.

खरी परीक्षा हायड्रोमीटरची, म्हणजे पाण्याचा दाटपणा मोजणाऱ्या तरंगत्या काचेच्या नळीची. ग्रीसमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत मिशिगनला काम केलेले जॉर्ज बूयुकोस यांनी १९२७ मध्ये ही पद्धत मांडली. त्याच्या मुळाशी स्टोक्सचा १८५१ चा नियम: पाण्यात बुडणाऱ्या गोल कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या पटीत असतो. व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट कमी. पन्नास मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण, म्हणजे वाळूची खालची हद्द, दहा सेंटिमीटर खाली जायला २० अंश तापमानाच्या पाण्यात पाऊण मिनिट घेतो. दोन मायक्रॉनचा, म्हणजे चिकणीची वरची हद्द, तेवढ्याच अंतराला पावणेआठ तास. मातीत हात घालून कण वेगळे करायचे नाहीत, फक्त ठरल्या वेळी पाणी किती दाट उरलंय ते बघायचं. तरंगणाऱ्या काचेच्या नळीवर थेट लिटरला किती ग्रॅम ते कोरलेलं असतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा विचार फार देखणा वाटला, अजूनही वाटतो.

करायला मात्र देखणा नाही. आधी माती वाळवून लाकडी बत्त्याने हलक्या हाताने फोडायची. लोखंडी नको, नाहीतर दगडच दळले जातात आणि वाळूचा खोटा पोयटा होतो. मग दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायची. चाळणीवर उरतात ते खडे. ते पोताच्या, म्हणजे वाळू-पोयटा-चिकण यांच्या प्रमाणाच्या, हिशेबात धरतच नाहीत. माळाच्या मातीचे खडे फेकायला निघालो होतो, सहज वजन केलं: शंभरात ३५. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली.

हेक्सामेटाफॉस्फेटची पाच टक्क्यांची द्रावणं करताना पहिल्या दिवशी सगळी पावडर एकदम ओतली. ती तळाला जाऊन काचेच्या गोळीसारखी घट्ट बसली आणि दुपारभर हलेना. चिमूट-चिमूट टाकत ढवळत राहायचं असतं. आणि ते महिनोन् महिने साठवायचं नाही. हळूहळू त्याचं साधं फॉस्फेट होऊन कण मोकळे करायची ताकद जाते. ५० ग्रॅम माती, १०० मिलिलिटर हे द्रावण, रात्रभर भिजत. सकाळी घुसळणं. प्रयोगशाळेत याला मिल्कशेकच्या यंत्रासारखं मिक्सर असतं. माझ्याकडे आईचं जुनं मिक्सरचं भांडं होतं. पाच मिनिटं फिरवलं. पात्यांची धार गेली, आणि ‘जुनं’ म्हणजे ‘टाकाऊ’ नव्हे हे मला घरात पुढे आठवडाभर ऐकावं लागलं.

मग लिटरच्या मापाच्या काचेच्या उभ्या सिलिंडरात ओतून डिस्टिल्ड पाण्याने खुणेपर्यंत भरायचं आणि वरखाली ढवळायचं. त्यासाठी भोकं पाडलेल्या चकतीचा दांडा असतो. मी पत्र्याच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडून सळईला डकवलं. शेवटचा झटका दिला की घड्याळ सुरू. चाळीस सेकंदांत वाळू बसते, पहिला आकडा तेव्हाच घ्यायचा. या चाळीस सेकंदांत माझ्याकडून काय काय झालं: फेस इतका आला की हायड्रोमीटरची मान दिसेना. मी तो वरून सोडला, तो बुचकन खाली जाऊन वर आला, झुलत राहिला, आणि स्थिर झाला तेव्हा घड्याळात एक मिनिट दहा सेकंद झाले होते. पुन्हा ढवळ. दुसऱ्या खेपेला अमाइल अल्कोहोलचे दोन थेंब टाकले. फेस असा विरला की जणू नव्हताच. (त्याचा वास मात्र डोक्यात जातो, खिडकी उघडी ठेवा.) विसाव्या सेकंदाला हायड्रोमीटर हळूच हाताने टेकवत सोडला. पाणी गढूळ असल्यामुळे वळलेल्या कडेचा खालचा भाग दिसत नाही, वरच्या कडेलाच वाचायचं. तिसऱ्या वेळी हात बसला.

आता आकड्यांची गंमत. हायड्रोमीटर २० अंशाला बेतलेला. माझी प्रयोगशाळा मे महिन्यात २९ अंशांवर. गरम पाणी पातळ, नळी जास्त बुडते, आकडा कमी येतो. शिवाय हेक्सामेटाफॉस्फेटचं स्वतःचं वजन आहेच, त्याने आकडा वाढतो. दोन्हींचा इलाज एकच: माती न घालता नुसतं द्रावण आणि पाणी भरलेला दुसरा सिलिंडर शेजारी ठेवायचा आणि त्यावर जे येईल ते प्रत्येक आकड्यातून वजा करायचं. माझ्याकडे ते दीड आलं. पहिल्या दिवशी मी हा सिलिंडर लावलाच नव्हता. दीड ग्रॅम म्हणजे काय विशेष, असं वाटेल. पण माती पन्नासच ग्रॅम घेतलेली, म्हणजे सरळ तीन टक्क्यांची चूक.

भरावाजवळच्या गाळाचा चाळीस सेकंदांचा आकडा ४७.५. दीड वजा करून ४६. पन्नासातले ४६ अजून तरंगतायत, म्हणजे ९२ टक्के; वाळू फक्त ८. दोन तासांनी ३६ आला, म्हणजे चिकण ६९ टक्के. जुन्या पद्धतीत दोन तासांचा आकडाच चिकणीचा धरतात आणि कित्येक ठिकाणी अजूनही तिथेच थांबतात. पण स्टोक्सचाच हिशेब मांडला तर दोन तासांनी चार मायक्रॉनच्या आसपासचे कणही अजून पाण्यात असतात, ते चिकणीत मोजले जातात. मी आठ तास थांबलो. संध्याकाळी शिपाई कुलूप हातात घेऊन दारात उभा, आणि मी सिलिंडरापुढे. आकडा ३२.५. म्हणजे ६२ टक्के. दोन तास आणि आठ तास यांत सात टक्क्यांचं अंतर! आमच्यासारख्या बारीक मातीत ते दिसतं. वाळूसर मातीत कदाचित कळलंही नसतं.

तोंडाकडचा गाळ: वाळू ६६, पोयटा १८, चिकण १६. माळाची माती: वाळू ५८, पोयटा २०, चिकण २२. हे आकडे लिहून मी बराच वेळ बघत बसलो. ज्या गाळासाठी ७१ खेपा करायला निघालो होतो, त्यात आमच्या उजाड माळापेक्षा चिकण कमी होती.

घरी मात्र या आकड्यांवर विश्वास बसेना. आबांचं म्हणणं, मिक्सरच्या भांड्यातलं शास्त्र. म्हणून दोन नमुने एका कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत घेऊन गेलो. तिथले प्रयोगशाळा सहायक अत्यंत शिस्तीचे. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “चुना काढायचा की ठेवायचा?” मला प्रश्नच कळला नाही. आमच्या मातीत चुनखडी आहे. आम्लाचा थेंब टाकला की फसफसते. चुना कणांना जोडून ठेवतो, म्हणून काटेकोर पद्धतीत तो आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने विरघळवतात. पण मातीचा आठवा-दहावा हिस्सा चुनाच असेल तर तो काढून उरलेल्याची टक्केवारी म्हणजे नक्की कशाची टक्केवारी? शेतात तर तो चुना आहेच. मी ठेवायला सांगितलं. सेंद्रिय पदार्थ मात्र हायड्रोजन पेरॉक्साइडने जाळले. ओतलं की माती उकळल्यासारखी उसळते, बीकर मोठा नसेल तर टेबलावर येते. त्यांनी मला हातमोजे दिले होते, मी एक काढला. उजव्या तर्जनीचं टोक दिवसभर पांढरं होतं आणि चुणचुणत होतं.

त्यांची पद्धत पिपेटची, म्हणजे ठरलेलं माप ओढून घेणाऱ्या काचेच्या नळीची. रॉबिन्सन यांनी १९२२ मध्ये मांडलेली, आणि आजही इतर पद्धती तपासायच्या तर हिच्याशी ताडून बघतात. सिलिंडर तसाच, माती वीसच ग्रॅम. ठरलेली वेळ झाली की पिपेटचं टोक बरोबर दहा सेंटिमीटर खोल नेऊन वीस मिलिलिटर ओढायचं, बशीत काढून १०५ अंशाला वाळवायचं, वजन करायचं. वेळ तापमानावर ठरते: २० अंशाला पावणेआठ तास, तर ३० अंशाला सहा तास दहा मिनिटं. भिंतीवर तक्ता लावलेला होता. भरावाजवळच्या गाळाच्या बशीत उरलं ते पाव ग्रॅमपेक्षा कमी, तळाला चिकटलेली तपकिरी साय. त्यावरून ६१ टक्के. माळाच्या मातीचे २३. मिक्सरच्या भांड्यातलं शास्त्र एका टक्क्याने चुकलं होतं! अहवालाचा कागद मी आबांच्या हातात दिला. त्यांनी तो चष्मा न लावता वाचला आणि परत दिला.

त्या कागदावर ‘पोत’ असा रकाना होता, आणि या शब्दाबद्दल मला तक्रार आहे. प्रयोगशाळेत पोत म्हणजे वाळू, पोयटा, चिकण यांचं प्रमाण, बस्स. कापडाचा पोत म्हणतो तसाच: भरड की तलम. पण बाजारात ‘जमिनीचा पोत सुधारा’ असं छापलेली बाटली मिळते आणि आपण सगळेच पोत म्हणजे सुपीकता समजून बोलतो. बाटलीने, शेणखताने, हिरवळीच्या खताने जे सुधारतं ती घडण: कण एकमेकांना धरून रवाळ कसे राहतात ती. ते मोलाचंच आहे. पण चिकण २२ ची ३२ होत नाही. त्यासाठी चिकणच आणून टाकावी लागते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी मोजल्या जातात, सामू आणि क्षारतेपासून जस्त-बोरॉनपर्यंत. त्यात पोत नाही. दादाकडे दोन पत्रिका आहेत. आपल्या जमिनीत लोह किती ते त्याला ठाऊक होतं, वाळू किती ते नाही.

‘पोयटा’ही तसाच. पुस्तकात वाळू आणि चिकण यांच्या मधला कण म्हणजे पोयटा. शेतकरी पोयट्याची जमीन म्हणतो तेव्हा त्याला तिन्हीचा समतोल असलेली मळीची जमीन म्हणायचं असतं. आणि गाळ? इंग्रजीत त्याला ‘सिल्ट’ म्हणतात, आणि प्रयोगशाळेत सिल्ट म्हणजे पोयटा. आमच्या भरावाजवळच्या गाळात तो तीसच टक्के, बाकी जवळजवळ सगळी चिकण.

आकड्यांनीही गोंधळ घातला तो भाच्यामुळे. तो स्थापत्य अभियांत्रिकीला आहे. त्याने वही बघून सांगितलं, “मामा, वाळू ५८ नाही, कमी असणार. आमच्याकडे वाळू ७५ मायक्रॉनला थांबते.” मी धरलेली हद्द ५० मायक्रॉनची, अमेरिकन कृषी खात्याची. आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या वर्गवारीत ती २० मायक्रॉन. म्हणजे एकाच मातीची वाळू तीन ठिकाणी तीन निघते, आणि कुणीच चुकलेलं नसतं. चिकणीची दोन मायक्रॉनची हद्द तेवढी तिघांना मान्य. अहवाल हातात आला की आधी हद्द कुठली ते विचारा. आमच्या अहवालावर ती छापलेलीच नव्हती.

मग शेवटचा हिशेब, घरच्या ओसरीवर. इथे ते फेकायला निघालेले खडे कामी आले. माळाच्या मातीत चिकण २२ टक्के ती चाळलेल्या मातीत. शेतात तिच्यासोबत ३५ टक्के खडे आहेत, म्हणजे उभ्या जमिनीत चिकण १४ टक्केच. गाळासकट वरचा वीस सेंटिमीटरचा थर धरला, त्यातला पाच सेंटिमीटर गाळ: भरावाजवळचा घातला तर १४ चे २६ होतात. तोंडाकडचा घातला तर साडेचौदा.

“अर्ध्या टक्क्यासाठी ७१ खेपा,” दादा म्हणाला, आणि आबांकडे बघायचं त्याने टाळलं.

पैसे बघता आम्ही अडीच सेंटिमीटरवर आलो, ३६ खेपा. त्यानेही हिशेबाने २० टक्के होत होते. भरावाजवळ जायला रस्ता नव्हता, तो जेसीबीने करून घेतला, दोन तास गेले. पहिल्या दिवशी मी हजर होतो. दुसऱ्या दिवशी कॉलेजात परीक्षेचं काम होतं. संध्याकाळी शेतात गेलो तर सात ढीग बाकीच्यांपेक्षा भुसभुशीत. एक मूठ घेतली, बाटलीतलं पाणी शिंपडून मळली: पट्टी होईना. चालकाने दुपारी ऊन तापल्यावर तोंडाकडचा जवळचा गाळ भरून दिला होता. कुणाशी भांडणार? त्याला खेपांचे पैसे मिळतात, मायक्रॉनचे नाही. तेव्हापासून दादा प्रत्येक ट्रॉली रिकामी व्हायच्या आधी चिमूटभर माती तोंडातल्या पाण्याने भिजवून अंगठ्यावर ओढून बघायचा. दोन ट्रॉल्या त्याने परत पाठवल्या.

मृगाआधी वखरणी करून गाळ मिसळला. मिसळला म्हणायचं. भारी चिकणीची ढेकळं वाळली की विटेसारखी होतात. पहिल्या दोन पावसांनी उकलेपर्यंत ती तशीच पडून होती. त्या साली मध्ये सोळा दिवस पावसाने ताण दिला. माळावरची तूर तिसऱ्या दिवशी नाही, नवव्या दिवशी सुकायला लागली. हे मी वहीत लिहून ठेवलंय, पण शेजारी बिनगाळाची पट्टी तुलनेला सोडायला हवी होती, ती सोडली नाही. मास्तर असून ही चूक केली.

जानेवारीत, तूर निघाल्यावर, तुकड्याच्या चारी कोपऱ्यांतून माती आणली. चाळणी, रात्रभर भिजवण, सिलिंडर, रिकामा सिलिंडर, आठ तास. (मिक्सरचं भांडं आता प्रयोगशाळेच्या मालकीचं आहे.) चाळलेल्या मातीत चिकण हिशेबाने २९ टक्के यायला हवी होती. आली २४, २७, २३ आणि ३८. अडतीस बघून मी तो कोपरा पुन्हा केला. पुन्हा ३८. शनिवारी गावी गेल्यावर दादाला म्हटलं, नैऋत्येच्या कोपऱ्यात काहीतरी गडबड आहे.

“तिथं तीन ट्रॉल्या एकाच जागी पडल्या होत्या, नीट पसरल्या नाहीत,” तो म्हणाला. “पावसाळाभर पाणी साचत होतं तिथं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू कुठं विचारलंस? तू तर माती घेऊन गेलास.”